लॅटिनो मतदार : गृहीत धरता न येणारा समाज

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न उभा राहिला असेल. अमेरिकेतील स्पॅनिश भाषिक मतदारांचे आपल्याला काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. तूर्तास एवढेच सांगतो की, या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांची मुले, भाचे, पुतणे आज त्या देशात आहेत. ज्या कायद्यांनी लॅटिनो समाजाचे भवितव्य घडवले, त्याच कायद्यांच्या चौकटीत आपली ही मुले राहतात. त्यामुळे विषय दिसतो तितका दूरचा नाही.

आपल्या राजकीय चर्चेत ‘मतपेढी’ हा शब्द आपण सहज वापरतो. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५० च्या दशकात तो अभ्यासात आणला आणि पुढे तो वर्तमानपत्रांचा झाला. या शब्दात एक गृहीतक दडलेले आहे. एखादा समाज म्हणजे कोणीतरी केव्हातरी ठेवलेली ठेव. ती हवी तेव्हा काढता येते. अमेरिकेच्या दोन्ही प्रमुख पक्षांनी लॅटिनो समाजाविषयी हेच गृहीत धरले आणि दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागली. ती कशी, हे आज पाहावयाचे आहे.

एक नाव, अनेक समाज

प्रथम हा समाज कोण, ते पाहू. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत ६ कोटी २१ लाख लॅटिनो होते. म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के. २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्यातील मतदानास पात्र नागरिकांची संख्या सुमारे ३ कोटी ६२ लाख असल्याचा प्यू संशोधन केंद्राचा अंदाज होता. हे सगळे अलीकडे सीमा ओलांडून आलेले लोक आहेत, असा आपल्याकडे समज असतो. वस्तुस्थिती अशी की, त्यांच्यातील सुमारे दोन तृतीयांश लोकांचा जन्मच अमेरिकेत झालेला आहे.

काहींच्या बाबतीत तर माणसे हललीच नाहीत, सीमा हलली. १८४६ ते १८४८ च्या युद्धात मेक्सिकोचा पराभव झाला. ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने आजचे कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि ॲरिझोना व न्यू मेक्सिकोचा मोठा भाग अमेरिकेकडे गेला. टेक्सास त्याआधीच, १८४५ मध्ये, सामील करून घेतला होता. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आपल्याच अंगणात परक्या राष्ट्राची प्रजा झाली. लॉस एंजेलिस, सॅन अँटोनिओ, सांता फे ही नावे कोणत्या भाषेतील आहेत, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरा समाज पोर्टो रिकोचा. १९१७ च्या कायद्याने या बेटावरील लोक जन्माने अमेरिकी नागरिक झाले. गंमत अशी की, ते बेटावर राहतात तोवर त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. विमानात बसून फ्लोरिडाला उतरले आणि तेथे नाव नोंदवले की मताधिकार मिळतो!

तिसरा समाज क्यूबाचा. १९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आल्यावर हजारो कुटुंबे मायामीला आली. १९६६ च्या खास कायद्याने त्यांना कायम वास्तव्याचा मार्ग सुकर करून दिला. साम्यवादी राजवटीने ज्यांची घरेदारे घेतली, त्यांनी कम्युनिझमविरोधी भाषा बोलणाऱ्या रिपब्लिकन पक्षाला जवळ केले, यात नवल नाही. पुढे एल साल्वादोर, ग्वाटेमाला, व्हेनेझुएला येथूनही लोक आले. भाषा एक, पण येण्याचे कारण वेगळे, कायद्याने केलेले स्वागत वेगळे आणि म्हणून मतही वेगळे. हे सूत्र ध्यानात ठेवावे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे.

कुंपणाने काय केले?

आता स्थलांतराच्या धोरणाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील तरुण आघाडीवर गेले आणि शेतात राबायला हात उरले नाहीत. १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार करून ‘ब्रासेरो’ योजना सुरू झाली. ती १९६४ पर्यंत चालली आणि त्या काळात सुमारे ४६ लाख करारपत्रे झाली. आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर हंगामाला कोयता घेऊन निघतो आणि पाऊस पडण्याआधी गावी परततो. मेक्सिकन शेतमजुराचे जीवन असेच होते. त्याला अमेरिकेत स्थायिक व्हायचे नव्हते. चार पैसे गाठीला बांधून गावाकडे घर बांधायचे होते.

१९६४ मध्ये योजना बंद झाली. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्याने वंशावर आधारित जुना कोटा रद्द केला. हे पाऊल न्याय्यच होते आणि भारतीयांसाठी अमेरिकेचे दार खऱ्या अर्थाने त्यानेच उघडले. परंतु त्याच कायद्याने पश्चिम गोलार्धातील देशांवर प्रथमच संख्येची मर्यादा घातली. १९७६ मध्ये मेक्सिकोसह प्रत्येक देशाला वर्षाला वीस हजारांची मर्यादा आली. शेते तीच, मालक तेच, मजूरही तेच; मात्र काल कायदेशीर असलेला माणूस आज बेकायदा ठरला.

१९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. बदल्यात, बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंड होणार होता. माफी अमलात आली, दंड बहुतांशी कागदावर राहिला. मग १९९० च्या दशकात एल पासो आणि सान दिएगो येथे सीमेवर कडेकोट पहारा बसला. त्याचा परिणाम काय झाला? समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी अनेक वर्षे अभ्यास करून दाखवून दिले की, सीमा ओलांडणे महाग आणि जीवघेणे झाल्यावर मजुरांनी परत जाणेच सोडले. पुन्हा येता येईल याची शाश्वती नसेल, तर जायचे कशाला? त्यांनी बायकामुलांना तिकडे बोलावून घेतले. १९९० मध्ये सुमारे ३५ लाख असलेली कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या २००७ मध्ये १ कोटी २२ लाखांवर पोहोचली. त्यात मेक्सिकोखेरीज इतर देशांचेही लोक होते आणि अमेरिकेतील तेजीही कारणीभूत होती; तरी मुद्दा राहतोच. हंगामी माणसाला कुंपणाने कायमचा रहिवासी केले, आणि त्याची तेथे जन्मलेली मुले घटनेनुसार अमेरिकेचे नागरिक झाली. नागरिक म्हणजे अठराव्या वर्षीचा मतदार.

सीमा राखणे हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे आणि कर्तव्यही आहे. त्याविषयी वाद असण्याचे कारण नाही. परंतु सीमेवरचा कायदा आणि शेतातील मागणी यांचा मेळ नसेल, तर कायदा करणाऱ्याच्या हेतूच्या नेमके उलटे घडते, हा या साठ वर्षांचा धडा आहे.

गटारापासून महापौरपदापर्यंत

मित्रहो, संख्या म्हणजे शक्ती नव्हे. संख्येची शक्ती व्हायला संघटन लागते, हे या सभागृहाला मी सांगायला नको. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहराचे उदाहरण पाहा. शहराच्या पश्चिम भागात मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती. पाऊस आला की घराघरांत पाणी शिरे. नगरपालिकेवर मात वर्षानुवर्षे दुसऱ्याच भागातील लोक निवडून येत, कारण मतदान साऱ्या शहराचे एकत्र होई. १९७४ मध्ये अर्नेस्टो कोर्टेस यांनी तेथील चर्चमधील सामान्य माणसांना, विशेषतः गृहिणींना, एकत्र करून ‘कॉप्स’ ही संघटना उभारली. त्यांनी हाती घेतलेला पहिला मोठा प्रश्न कोणता? पावसाच्या पाण्याचा निचरा! या गृहिणी नगरपालिकेच्या सभांना जाऊन बसल्या, कागदपत्रे वाचली आणि निचऱ्याच्या कामांसाठी निधी मंजूर करून घेतला.

त्याच वर्षी, त्याच शहरात विली वेलास्केझ या तरुणाने मतदार नोंदणीची संस्था काढली. तुमचे मत हाच तुमचा आवाज, हे तिचे घोषवाक्य. लांबलचक सैद्धांतिक भाषणांनी मतदार घराबाहेर पडत नाही. गल्लीतील दिवा, शाळा, रस्ता यांच्याशी मताचा संबंध दाखवून दिला तर तो पडतो, हे त्याने ओळखले होते. १९७५ मध्ये मताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनेक भागांत स्पॅनिशमधून मतपत्रिका देणे बंधनकारक झाले. १९७७ मध्ये सॅन अँटोनिओत प्रभागनिहाय निवडणूक आली. १९८१ मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. वेलास्केझ १९८८ मध्ये अकाली गेला. तोवर त्याच्या संस्थेने नैऋत्येतील राज्यांत शेकडो नोंदणी मोहिमा राबवल्या होत्या. कीर्ती नेत्यांना मिळते. मतदारयादीवर मान मोडून बसणाऱ्या कार्यकर्त्यावर इतिहास फिरतो.

दोन राज्ये, दोन निकाल

आता १९९४ च्या कॅलिफोर्नियात येऊ. मंदी होती, रोजगार गेले होते. गव्हर्नर पीट विल्सन फेरनिवडणुकीला उभे होते. त्याच वेळी ‘प्रस्ताव १८७’ जनतेपुढे आला. बेकायदा स्थलांतरितांना सरकारी शाळा आणि तातडीची सोडून अन्य वैद्यकीय सेवा बंद. शिवाय संशय आल्यास शिक्षकाने, डॉक्टरने प्रशासनाला कळवावे, अशी तरतूद. सुमारे ५९ टक्के मतांनी प्रस्ताव संमत झाला, विल्सनही विजयी झाले. न्यायालयाने मात्र प्रस्ताव रोखला आणि तो जवळजवळ अमलात आलाच नाही.

पण परिणाम झालाच! वर्षानुवर्षे अमेरिकेत राहूनही ज्यांनी नागरिकत्व घेतले नव्हते, त्यांना वाटले, आज बेकायदांवर आले, उद्या आपल्यावर येईल. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या कायद्याने कायदेशीर पण नागरिक नसलेल्यांच्याही सवलती कापल्या आणि ती भीती खरी ठरली. १९८६ च्या माफीत आलेले लोक याच सुमारास नागरिकत्वास पात्र ठरत होते. १९९६ या एका वर्षात अमेरिकेत दहा लाखांहून अधिक लोक नागरिक झाले. एका पिढीने रागाने मतदारयादीत नाव घातले.

त्यांच्यातला एक तरुण म्हणजे ॲलेक्स पडिया. वडील उपाहारगृहात स्वयंपाकी, आई लोकांच्या घरची साफसफाई करणारी. मुलगा एमआयटीतून अभियंता झाला आणि त्याच वर्षी १८७ चा वाद पेटला. तो राजकारणात उतरला आणि २०२१ मध्ये सिनेटर झाला. कॅलिफोर्नियाचा पहिला लॅटिनो सिनेटर. ज्या राज्याने रेगन दिले, जे १९८८ पर्यंत रिपब्लिकन उमेदवाराच्या पाठीशी उभे राहिले, त्या राज्यात त्यानंतर एकही राष्ट्राध्यक्षीय निवडणूक त्या पक्षाला जिंकता आलेली नाही. याला अन्यही कारणे आहेत. परंतु १९९४ चा वाद हेही त्यातील एक कारण मानले जाते.

टेक्सासमध्येही लॅटिनोंचे प्रमाण जवळपास तेवढेच मोठे. तेथे जॉर्ज बुश यांनी १८७ च्या वाटेने जाणे टाळले, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये का होईना, लोकांशी संवाद ठेवला. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांना देशभरातील लॅटिनोंची सुमारे ४० टक्के मते मिळाली. टेक्सास १९७६ नंतर आजवर डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेलेले नाही. समाज एकच, पण वागणूक वेगळी आणि म्हणून निकालही वेगळा.

गृहीत धरण्याची शिक्षा

यातून डेमोक्रॅटिक पक्षाने चुकीचा निष्कर्ष काढला. २००६ मध्ये बेकायदा वास्तव्य हा फौजदारी गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकाविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरले. २०१० मध्ये ॲरिझोनाने पोलिसांना कागदपत्रे तपासण्याचे व्यापक अधिकार देणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यातील बहुतेक वादग्रस्त कलमे रद्द केली. त्याच वर्षी ओबामांना लॅटिनोंची सुमारे ७१ टक्के मते मिळाली. आता लोकसंख्याच आपल्याला सत्ता देणार, असे पक्षाचे पंडित म्हणू लागले.

प्रत्यक्षात काय घडले? ओबामांच्या काळातही हद्दपारी मोठ्या प्रमाणावर चालूच होती. बालपणी आणलेल्या मुलांना २०१२ मध्ये तात्पुरते संरक्षण मिळाले, पण कायम तोडगा निघाला नाही. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी सर्वंकष सुधारणा विधेयक संमत केले. रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने ते चर्चेलाही घेतले नाही. दर निवडणुकीत आश्वासन आणि दर निवडणुकीनंतर शांतता. दरम्यान लॅटिनो मतदार दुकान चालवत होता, घराचे हप्ते भरत होता. २०२२ च्या महागाईने त्याचे कंबरडे मोडले. सर्वेक्षणात त्याला विचारले की तो प्रथम महागाई आणि रोजगार म्हणे; स्थलांतर नंतर येई. त्याला मात्र ऐकवले जात होते ते स्थलांतराचेच.

टेक्सासच्या सीमेवर स्टार नावाचा परगणा आहे. लोकसंख्येत ९५ टक्क्यांहून अधिक लॅटिनो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन तेथे ६० टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. २०२४ मध्ये तेथे डोनाल्ड ट्रम्प जिंकले. १८९२ नंतर प्रथमच तो परगणा रिपब्लिकन पक्षाकडे गेला! सीमेवरील गस्ती दलात निम्म्याच्या आसपास कर्मचारी लॅटिनो आहेत, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. देशभरात ट्रम्प यांना २०१६ मध्ये लॅटिनोंची ३० टक्क्यांच्या आतबाहेर मते होती. २०२४ मध्ये ती काही पाहण्यांनुसार ४६ ते ४८ टक्क्यांवर गेली. ठेव समजून ज्यांनी पेढी उघडली, त्यांचे खाते निम्मे रिकामे झाले.

आणि मग दुसऱ्या बाजूने तीच चूक केली. हा कौल म्हणजे कितीही कठोर धोरणाला मिळालेली संमती, असे मानले गेले. २०२५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमध्ये धाडी सुरू झाल्या, गव्हर्नरांच्या विरोधाला न जुमानता नॅशनल गार्ड उतरवले गेले. गाडी धुण्याची केंद्रे, बांधकाम साहित्याच्या दुकानांची आवारे, शेते येथून माणसे उचलली गेली. केवळ वंश, भाषा, ठिकाण वा काम पाहून कोणाला अडवू नये, असा आदेश एका न्यायाधीशाने दिला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. याच सिनेटर पडिया यांना गृहसुरक्षामंत्र्यांच्या पत्रकार परिषदेतून बळाने बाहेर काढून हातकड्या घातल्याचे दृश्य जगाने पाहिले. व्हेनेझुएलातून आलेल्या लाखो लोकांचे तात्पुरते संरक्षण काढून घेतले गेले. त्यांच्याच नातलगांनी मायामीजवळच्या डोराल शहरात ट्रम्प यांना भरभरून मते दिली होती.

येथे धोरणाचा खरा घाव कोठे बसतो, ते दिसते. एकाच घरात बाप कागदपत्रांविना, आई कायम परवान्याची, मुले नागरिक, अशी लक्षावधी कुटुंबे आहेत. कायदा माणूस पाहतो. मतदान घर करते. बापाला मत नसते, पण अठरा वर्षांच्या मुलीला असते आणि ती काही विसरत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यू जर्सीतील पसेइक परगण्याने, जो वर्षभरापूर्वी ट्रम्प यांच्याकडे गेला होता, गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवाराला मोठ्या फरकाने पसंती दिली. डिसेंबरमध्ये मायामी शहराने जवळजवळ तीस वर्षांनी डेमोक्रॅट महापौर निवडला. हा समाज पुन्हा एका पक्षाचा झाला, असा अर्थ मी यातून काढत नाही. तो कोणाचाच नाही, एवढाच अर्थ आहे.

आपला संबंध

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यातील पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. मायदेशातून कुटुंब आणणे कायद्याने अशक्य होते आणि गोऱ्या स्त्रीशी विवाहाला बंदी होती. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. त्या हक्कासाठी झटणारे दलिपसिंग सौंद १९५६ मध्ये त्याच भागातून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले.

आज चित्र बदलले आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून आले. पण कायद्याचे सावट गेलेले नाही. दर देशाला सात टक्के या मर्यादेमुळे आपले अभियंते ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षे रांगेत आहेत. लहानपणी तेथे गेलेली त्यांची मुले एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या अर्जातून बाद होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातीलही काही जण होते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. जन्मसिद्ध नागरिकत्व मर्यादित करणारा जानेवारी २०२५ चा आदेश तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या दांपत्याच्या बाळालाही लागू होणारा होता. कनिष्ठ न्यायालयांनी तो रोखून धरला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेतमजुरासाठी बांधलेल्या बांधाने आपल्या अभियंत्याचीही वाट अडते, ती अशी.

म्हणून परदेशी असलेल्या आपल्या मुलांना, जी तेथील नागरिक झाली आहेत त्यांना, एक सांगा. गणेशोत्सव करा, मंडळ चालवा, मुलांना मराठी शिकवा. पण शाळा समितीच्या निवडणुकीलाही जा. सॅन अँटोनिओच्या त्या गृहिणींकडे पैसा नव्हता, इंग्रजीही पुरेसे नव्हते. घराबाहेरचे पाणी आणि मतदारयादी यांचा संबंध त्यांनी ओळखला होता, आणि तेवढ्यावर एका शहराचा कारभार बदलला.